शेवटच्या फोटोचा हार

आईला विचारू नका, दसऱ्याचं मी सांगतो. जर्सी सिटीत आमच्या खाली दोन म्हातारे आयरिश भाऊ राहतात, तेच आमचे घरमालक. त्यांच्या भिंतीवर आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या नेत्यांचे फोटो आहेत. आईने हौसेने सगळ्यांना झेंडूचे हार घातले. शेवटचा फोटो आताच्या नेत्याचा, धाकट्याने लावलेला. तो तिने सोडला.

धाकटा उसळलाच. "याला का नाही? याने बंदुका खाली ठेवायला लावल्या, म्हणून आपली पोरं जगली!"

"जुने फासावर गेले," थोरला गुरगुरला. "हा शत्रूशी हात मिळवून खुर्चीत बसला."

दोघंही उठून उभे. मला घाम फुटला, यार. घाईघाईने म्हटलं, "अहो, यात राजकारण नाही! आमच्यात फोटोला हार घालतात तो फक्त गेलेल्या माणसाच्या. हे जिवंत आहेत."

धाकटा हसून खाली बसला. वाटलं, सुटलो.

थोरल्याने आईच्या हातातला उरलेला हार घेतला आणि शांतपणे त्या शेवटच्या फोटोला घातला.

आई कुजबुजली, "अरे, त्यांना कळलं नाही वाटतं."

म्हटलं, "कळलं, आई. चांगलंच कळलं. चल वर."