बोटानं फिरवाचं इंजन

सकाळचे सात वाजून दहा मिनटं झाले होते — मोबाइलात पाह्यलं मी — तवापासून या घरात विमानाशिवाय दुसरी गोष्ट नाही, आन तुमी मले म्हनता, ताई कोड सांगा! नाही सांगत. टेका भाऊ ते पार्सल ओट्यावर, पानी घ्या, पन कोड नाही भेटनार. नाव? नाव बरोबर हाये. संघदीप म्हंजे आमचेच, स्नेहाचे बाबा. मागवलं त्यायनं, पन मोबाइल घरी राह्यला, म्हनून कोड माह्यापाशी. आत काय हाये? इंजन. विमानाचं. हसू नका! खऱ्या नाही हो, थर्माकोलच्या — ते पाहा, पंख पसरून माह्या बाजेवर झोपलं हाये, आन आमी खाली चटईवर.

आता तुमी म्हनसान, एवढ्या मोठ्या मानसाले खेळन्यातलं विमान कायले? रोह्यांसाठी — नीलगाई म्हनतात ना, त्याच. किन्हीराजाच्या शिवारात कळपानं येतात, हरभरा बुडापासून साफ. बुजगावनं केलं तं त्याच्याच सावलीत बसले लेकाचे! मंग यायनं डोकं काढलं — रिमोटचं विमान वरून घिरट्या घालन, रोही पळतीन. बरं, उडवा, मी कुठं नाही म्हटलं? रिसोडचा गोविंदा यायचा दोस्त, उडवते तो असले विमानं. त्यानं सांगतलं, बॅटरीची मोटर बसव, दुरूनच रिमोटनं चालू होते. तिचंबी पातं कापते, समजते मले — पन तिले चालू कराले हात लावा लागत नाही ना! तं हे म्हनतात, बॅटरी गुपचूप उडते, रोही आवाजाले भितात, पेट्रोलचंच पाहिजे. आन पेट्रोलचं कसं हाये मालूम? पातं बोटानं फिरवा लागते. बोटानं, भाऊ! विहिरीवरच्या इंजनाले निदान हँडल तं असते. तुमच्या या डब्यावरच पाहा — हाताचं चित्र काढलं आन वरून लाल फुली मारली. इकनाराले कळते, घेनाराले नाही कळत!

आज काय केलं — गोविंदाचं जुनं इंजन मागून आनलं, पाटाले कसून बांधलं आन अंगनातच लागले फिरवाले. फिरवलं — फुस्स. अजून फिरवलं — फुस्स. मंग ते उलटं फिरलं, आन बोट... जाऊ द्या. टाके घालाले गेले. मी फरशीवरचं रक्त धुतलं, बादली ठेवून मागं पाह्यते तं स्नेहा पाटापाशी — चार वर्षाची हाये ती — बोट पात्यावर, आन तोंडानं भुर्रर्र! "आई, मी बाबावानी करून राह्यली." इंजनात पेट्रोल होतं का सरलं होतं, मले काय मालूम? ओढलं तिले, आन मारली, भाऊ. तिचं काय चुकलं होतं? बाप करते तेच तं करून राह्यली होती. हे पट्टी बांधून आले तवा सांगतलं, तं म्हनतात कसे — "नवं इंजन मारकं नाही." मी म्हटलं, तुमी इंजन मागवलं का बैल?

समजावून सांगू? आयकतात कुठं! फाट्यावर चहाच्या टपरीत जाऊन बसले फुगून. जाता जाता म्हने, विमान नाही तं हरभरा नाही, आन हरभरा नाही तं मी चाललो पुन्याले वापस. घ्या! दोन साल होते तिथं कंपनीत. घरी आले तवा पोरीनं यायले काका म्हटलं. काका, भाऊ! हे हसले सगळ्यांसमोर, आन मंग न्हानीत जाऊन बसले, किती आवाज देल्ला तरी येईनात. तवा मीच म्हटलं, नका जाऊ आता, काहीबी करा, रोही हाकला, पन इथंच राहा — म्हंजे विमानाचं वेड मीच... पन हे सारं मी तुमाले कायले सांगून राह्यली? पानी झालं ना तुमचं?

डबा ठेवून घ्याचाच होता मनात, खरं सांगते. तुमाले आवाज देल्ला तवा कोड तोंडाशी आला होता. ठेवला तं पोरीचं बोट, नाही ठेवला तं पोरीचा बाप — असं कुठं निवडा लागते का मानसाले? बोट तुटलं तं उगवत नाही. बाप तं... बाप गाडीत बसून येऊ तं शकते.

नाही नाही, उचला ते. घेतलं नाही म्हनून टाका तुमच्या मोबाइलात. घरच्या बाईनं घेतलं नाही, असं साफ टाका. आन भाऊ, फाट्यावरूनच जासान ना तुमी? हाताले पट्टीवाला मानूस दिसन टपरीत. निरोप द्या त्यायले — बॅटरीचीच मोटर आना म्हना, विमान उडवा म्हना, आवाजाचं मी पाहते. वावराच्या धुऱ्यावर उभी राहून डबे पिटीन, घसा फुटेपर्यंत वरडीन, हरभरा घरात येईपर्यंत रोज वरडीन. फक्त पुन्याचं नाव काढू नका म्हना. असंच सांगा, एकबी शब्द गाळू नका. जा आता.