परड्यातलं दगडी कडं

ऐका. आणि मधे हसलात तर उठून जाईन, आधीच सांगते. ए कुसुम, दाराला कडी घाल.

ओढ्याकडचं जुनं घर आम्ही घेतलं तेव्हाची गोष्ट. मागं मोठं परडं, कमरेएवढं गवत. गवत काढलं तर खाली काय? दगडात बांधलेला, कड्यासारखा गोल चर! अंगणाएवढा घेर, मधोमध दगडी खुंट. गुरवांचा शिवराम म्हणाला, "वैनी, ही पिंड हाय. पाय लावू नका." मिलिटरीतले जगताप म्हणाले, "कसली पिंड! तोफेचा ओटा आहे." आता कुणाचं खरं मानायचं? मी खुंटाला हळदकुंकू लावलं आणि गप बसले. भिंतीकडेला एक जाड गोल दगड पडला होता, मधे भोक असलेला. त्याच्यावर धुणं चांगलं निघायचं. मला तेवढं पुरे.

तर अवसेची रात्र. जेवणं झाली. मालक म्हणाले, "ओढ्यावरची मोटार बंद करून येतो." म्हटलं, रस्त्यानं जावा. ऐकतील तर ते मालक कसले! गेले परड्यातनं.

घटका गेली. तास गेला. मोटार चालूच. मी बॅटरी घेऊन निघाले.

घर्र... घर्र... जात्यासारखा आवाज. बॅटरी मारली, तर धुण्याचा दगड जागेवर नाही! चार गड्यांना हलायचा नाही तो दगड, गेला कुठं? बघते तर चरात उभा. चाकासारखा फिरतोय. भोकातनं लाकूड घातलेलं, आणि लाकडाचं टोक आमच्या मालकांच्या खांद्यावर!

"अहो!"

माझ्या समोरनं गेले. परत आले. परत गेले. डोळे उघडे, पण मी दिसतच नाही! मी हात धरला, आणि काय सांगू बायांनो, माझेच पाय चालायला लागले. थांबेनात! बॅटरी पडली, विझली. मागच्या दाराचा दिवा दहा पावलांवर होता. वळले तर तो डावीकडं. पुन्हा वळले तर पाठीमागं. दार एक, आणि चारी बाजूंना! घर कुठं, ओढा कुठं, काही कळेना.

मागनं कोण तरी म्हणालं, "हं... चल."

वळले. कुणी नाही.

"कोण रे मुडद्या? बैल समजलास आम्हाला?"

"हं... चल." आता आवाज पुढनं!

मालकांचे गुडघे वाकायला लागले. तोंडाला फेस. आता हे पडणार, आणि पडले की अंगावरनं दगड जाणार.

इतक्यात पायाला ओलं लागलं. वास आला. हा वास मला माहीत होता! माझे बाबा गवंडी. चौथीतनं माझी शाळा सुटली आणि डोक्यावर चुन्याचं घमेलं आलं. पिंड कसली आणि तोफ कसली! बैल जुंपून चुना मळायची घाणी ही! आणि मी तिच्या चाकावर धुणी आपटत होते.

"झाला चुना!" मी ओरडले. "थांबव!"

हसलं ते. आणि पाय दुप्पट पळायला लागले. हात न लावता बोलले होते ना मी.

बाबा म्हणायचे, चुना चिमटीत चोळायचा. खर लागली तर घाणी थांबवायची नाही. चालता चालता वाकले, चिमूट उचलली. खर. वाळूसारखी. मग काय करणार? पदर खोचला, मालकांशेजारी लाकडाखाली खांदा दिला. "ओढा!" फिरलो. चिमूट घेतली, खर. फिरलो. बोटं जळायला लागली. पुन्हा चिमूट. एक कण लागला हो, एकच कण! झाला म्हणावं वाटलं. जीभ वळली नाही. गवंड्याची लेक मी.

आणखी फिरलो. किती, ते कुणी विचारू नका. मग चिमूट घेतली, तर लोणी.

"झाला," मी म्हटलं. "बघ हात लावून."

माझ्या तळव्यावर गार बोट टेकलं. सावकाश चोळलं. आणि खांद्यावरचं ओझं गेलं. आम्ही दोघं कड्याबाहेर पडलो.

सकाळी चर कोरडा ठाक. दगड मात्र चरातच आडवा. मालकांच्या खांद्यावर जुवाचा वळ. आणि ही माझी बोटं बघा, ठशाची एक रेघ राहिली नाही.

म्हातारी सखूआत्या सांगते, घर बांधताना बैल मेला, पाऊस तोंडावर, म्हणून मुकादमानं गडी जुंपला. तो घाणीतच गेला. चुना झाला, हे त्याला सांगायला कुणी थांबलं नाही. खरंखोटं आत्यालाच ठाऊक. मला एवढंच कळत नाही, 'चल' म्हणत होता तो जुंपणारा होता की जुंपलेला? आणि माझ्या तळव्यावर बोट कुणाचं?

तेव्हा ओढ्याला जायचं तर रस्त्यानं जा. लांब पडतं? पडू दे. आमच्या परड्यातनं अंधार पडल्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि अडकलातच, तर खोटं बोलू नका. चिमूट घ्या, चोळा. खर लागली तर ओढा.