आपल्याच गोलमागं

पावणं, असं पंख्याखाली सरकून बसा, आणि लिहायचंच असलं तर पयल्यापासनं लिहा. माझा जन्म कोल्हापुरातला, पेठेतला, तालमीच्या मागच्या बोळातला. नाव यशवंत, पण फोटू काढतोय म्हणून सगळी पेठ मला यशाफोटू म्हणती. बाप पैलवान. आबांचा दंड केवढा म्हणून काय सांगू तुम्हाला, सदरा शिवायला टाकला की टेलरला शेजारच्या दुकानातनं दुसरा टेप मागून आणाय लागायचा. आबा सकाळी कुस्तीच्या हौद्यात शिंकले की रंकाळ्यावरची बगळी उडायची. खोटं वाटत असंल तर खोटं म्हणून लिहा, पण लिहा.

अशा बापाचा मी पोरगा. आबांनी मलाबी हौद्यात घातलं, आणि सहा महिन्यांत मी एवढ्यांदा चितपट झालो की तिथली माती मला नावानं ओळखाय लागली. शेवटी आबाच म्हणले, ह्येला दुसरं कायतरी शिकवा, मातीला तरी जरा इश्रांती मिळू दे. मग मी कॅमेरा धरला. लग्नं काढली, बारशी काढली, म्हशींचे सत्कार काढले. पण दंड मात्र आबांचेच आले बरं का, दाखवतो थांबा, हे बघा. ह्या दंडांनीच पुढं घोटाळा केला.

तुमच्याकडं क्रिकेट आसंल, आमच्याकडं फुटबॉल. हरेक तालमीची टीम, आत कुस्ती आणि भाईर फुटबॉल, आणि मॅच असली की पेठेत चपाती करपली तरी कोण बघत न्हाय. पंधरा-वीस वर्षं मी आमच्या तालमीचे फोटू काढतोय, फुकट, एका चहावर. आणि आमचा गोलकीपर दिनकर. माझ्याच बोळातला, माझ्याच वयाचा, लेथवर कामाला. त्येचा पंजा म्हणजे फावडं. एकदा त्येनं बॉल अडवला तर बॉलच पंक्चर झाला, रेफ्रीला कळंना की कॉर्नर द्यायचा का पंचनामा करायचा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं त्येच्यावर हाय. आमच्या पेठेत एक रीत हाय. आपल्या माणसानं कधी आपल्याच गोलमागं बसायचं न्हाय. फोटूवाल्यानं तर न्हायच न्हाय. आपल्या गोलमागं कॅमेरा घेऊन बसलास म्हणजे आपल्यावर गोल हुणार ह्येची तू वाट बघतोयस, असा त्येचा अर्थ. अपशकुन. म्हणून मी कायम समोरच्यांच्या गोलशेजारी, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या अलीकडं बसायचो. हाफटाइमला बाजू बदलल्या की उठायचो, सगळं मैदान वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचो. आमच्या फॉरवर्डांचे फोटू असे आले, असे आले, की त्यांच्या बायकाबी त्यांना तेवढं जवळनं वळखत नसतील.

आणि दुसरी रीत. टीम न्हायतर कुस्ती सोडली की तालमीच्या भिंतीवर त्या खेळाडूचा फोटू लागतो. पण तो खेळतानाचा पायजे, मैदानावरचा. हार घालून, हाताची घडी घालून काढलेला चालत न्हाय.

तर दिनकरचा गुडघा गेला. फायनलच्या महिनाभर आधी आला दुकानात, स्टुलावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणला, यशा, ही फायनल शेवटची. भिंतीवर माझाबी लागंल का रं? म्हणलं, लागंल म्हणजे काय, लावतो की. मोठ्या तोंडानं म्हणलं. तो गेल्यावर कॉम्प्युटर उघडला आणि बसलो हुडकत. पावणं, एवढ्या वर्षांत दिनकरचा एक फोटू न्हाय. तो कायम मैदानाच्या पल्याडच्या टोकाला, माझ्या फोटूत काडेपेटीतल्या काडीएवढा. एक फोटू सापडला, म्हणलं हाच, मोठा केला, अजून मोठा केला, तर तो दिनकर न्हवताच, कोपऱ्यातला झेंडा हुता.

मग म्हणलं, रीत मोडायची न्हाय, लेन्सच आणायची. ह्या टोकाला बसून त्या टोकाचा माणूस धरंल अशी. गेलो शाहूपुरीत, ओळखीच्या शेठच्या दुकानात. शेठ म्हणजे सावकाश माणूस, चष्मा पुसल्याशिवाय नमस्कारबी घेत न्हाय. म्हणला, यशवंतराव, काय काढायचंय, कुठनं काढायचंय, स्टँड लावणार का हातात धरणार? म्हणलं, हातात. मैदानाच्या कडंला स्टँड लावला तर पळत आलेला माणूस त्येच्यावर येऊन पडतोय, त्यो बी मोडतोय आणि आमचा विंगरबी. मग त्येनं दोन लेन्सा काढून ठेवल्या. एक दीडशे ते सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. लांब करून धरली की तोफच. दुसरी सत्तर ते दोनशेची, आखूड, जाड, तोंडाला मोठी. शेठ म्हणला, माझं ऐकाल तर ही आखूड घ्या. मी हसलो. माझ्या दंडाकडं बोट केलं. म्हणलं शेठ, आमचे आबा सकाळी मुदगल फिरवायचे तर वाऱ्यानं समोरच्या वाड्याची कौलं हलायची, आणि मी हे चिमणीचं घरटं घिऊ? मोठी काढा.

शेठ म्हणला, वजन सव्वादोन किलो हाय. म्हणलं, सव्वादोन किलोची तर आमच्या बायकोची भाजीची पिशवी असती, करंगळीला अडकवून फोनवर बोलती. तरी त्येचं आपलं सावकाश चालूच, सहाशेला गेलं की उजेड कमी घेती ही, चारनंतरच्या उन्हात अडचण हुईल, हात हलला तर आतलं यंत्र सांभाळतंय, पळणारा माणूस सांभाळत न्हाय. मी काय ऐकलं न्हाय. पण एवढं केलं की त्येला म्हणलं, शेठ, परवा सरावाची मॅच हाय, दोन्ही द्या, एक परत आणतो. शेठ नको म्हणला. मग म्हणलं, तालमीचे वस्ताद तुमचं नाव काढत हुते, शाहूपुरीत माणूस तेवढा एकच म्हणले. वस्तादांना शेठचं नावबी ठावं न्हवतं, पण शेठनं चष्मा दोनदा पुसला आणि दोन्ही बांधून दिल्या. तारण म्हणून गाडीची किल्ली ठेवून आलो.

सरावाला बसलो तोफ घेऊन. पयली धा मिनिटं काय सांगू, समोरचा दिनकर असा जवळ आला की त्येनं सकाळी दाढी केलीया का न्हाय ते कळावं. लोकं माझ्याकडंच बघाय लागली, मॅच सोडून. मी छाती फुगवली. इसाव्या मिनिटाला डावा हात जड झाला. अर्ध्या तासाला दिनकर कॅमेऱ्यात नाचाय लागला. तो न्हवता नाचत, मी नाचत हुतो. त्यात उन्हाचं मैदान, मधली सगळी हवा चुलीवरच्या आधणागत हलतीया, लांबचा माणूस पाण्यात बुडवून काढल्यागत दिसतोय. ऊन कललं आणि उजेड कमी झाला, तसा दिनकर नुसता धूर. त्येनं उडी मारली की फोटूत हिरव्या शर्टाचा ढग.

घरी आलो, फोटू कॉम्प्युटरवर लावले. सुमन, म्हणजे माझी बायको, गगनबावड्याकडची, वर घाटावरची. तिनं फोटू बघितले आणि म्हणली, ह्यो कोण भूत? म्हणलं, दिनकर. म्हणली, अवो पण तुमी धरता कसं ते दाखवा बघू. मी धरली, दोन्ही कोपरं पंखागत भाईर काढून, मुदगल धरल्यागत. ती हसाय लागली, एवढी हसली की शेजारची बाई काय झालं म्हणून बघाय आली. म्हणली, मुदगल फिरवायचा असतोय, ह्येला गप ठेवायचंय. आमी झऱ्यावरनं घागर आणायचो, दोन दोन मैल, पावसात, निसरड्यात, थेंब न्हाय सांडला. घागर हातानं धरत न्हाईत, अंगाला टेकवत्यात. असं म्हणून तिनं माझं डावं कोपर धरून बरगडीला चिकटवलं, तळवा लेन्सखाली उताणा ठेवला, पाय फाकवाय लावले आणि म्हणली, आता श्वास सोडा आणि मग दाबा.

तोफ तरीबी हलली, पण आखूड लेन्स अशी बसली हातात, की घागरच. पावणं, आबांच्या दंडावर मी एवढी वर्षं फुशारकी मारली, आणि उचलणं येगळं, धरून ऱ्हाणं येगळं, हे मला बायकोनं शिकवलं. हे लिहू नका. बरं, लिहा, ती वाचणारच न्हाय.

दुसऱ्या दिवशी तोफ परत केली. शेठनं नुसता चष्मा पुसला. पण आता अडचण बघा. आखूड लेन्स म्हणजे माणूस जवळ पायजे. दिनकर जवळ पायजे म्हणजे मला बसाय पायजे आपल्याच गोलशेजारी.

फायनलला सगळं शहर. झाडावर माणसं, गच्चीवर माणसं, एक तर मी बघितला, दिव्याच्या खांबावर डबा उघडून जेवत हुता. पयला हाफ मी नेहमीच्या जागी, समोरच्यांच्या गोलशेजारी. गोल कुणाचाच न्हाय. हाफटाइम झाला, बाजू बदलल्या, आता उठून वळसा घालायचा. आणि मी उठलो न्हाय. कळलं का? मला कुठं जायचंच न्हवतं, नुसतं बसून ऱ्हायचं हुतं, दिनकरच माझ्याकडं येणार हुता. पण जन्मात कुठलं काम एवढं जड गेलं न्हाय.

गॅलरीतनं पयला आवाज आला, यशा, ऊठ की रं. मग धा आवाज. मग शंभर. ए फोटू, डोळा लागला काय? आरं कुणीतरी उचला त्येला. माझा सख्खा चुलतभाऊ वरनं वराडला, यशा, घरला ये, मग दावतो. मी कोपर बरगडीला लावून बसलो.

दिनकर धावत आला, मला बघितलं आणि थांबला. म्हणला, काय रं, हितं? म्हणलं, व्हय, हितंच. त्येनं हातमोजे घट्ट केले, गोलच्या खांबाला दोन बुक्क्या घातल्या आणि माझ्याकडं न बघताच म्हणला, गोल झाला तर पेठेत ठेवत न्हाईत तुला. म्हणलं, मग अडव की मर्दा.

आणि अडवले त्येनं. एक पायानं, एक छातीनं, एक तर कशानं ते त्येला बी ठावं न्हाय. पण सगळ्या वेळी त्येची पाठ माझ्याकडं, न्हायतर मधी माणूस. शेवटाकडं ऊन पार कललं, आणि त्यांच्या दहा नंबरनं लांबनं मारला. माझ्या बाजूच्या खांबाकडं. दिनकरनं तसल्या गुडघ्यावरनं उडी घेतली, सरळ माझ्या दिशेनं, तोंड माझ्याकडं, आडवा. मी श्वास सोडला आणि दाबलं. तेवढ्यात जाळीचा आवाज आला.

बॉल बोटाला लागून खांबाला लागला आणि आत गेला. एक शून्य. हरलो.

महिनाभर पेठ माझ्याशी बोलली न्हाय. वडेवाला मला मुद्दाम गार वडा द्यायचा. न्हाव्यानं निम्मी दाढी करून, आलोच, म्हणून सांगितलं ते अजून यायचाय. फोटू मी कुणाला दाखवला न्हाय. दिनकरनंबी मागितला न्हाय, तो तालमीकडं फिरकायचाच बंद झाला. मला त्येचंच लागलं.

शेवटी एक दिवस वस्तादांनी बोलावलं. फोटू घेऊन ये म्हणले. वस्ताद म्हणजे ऐंशीच्या पुढचे, कमी बोलणार. तालमीत मंडळी जमलेली. एकजण म्हणला, हरलेला फोटू भिंतीवर नको, बोटाला लागून बॉल आत चाललाय ते दिसतंय त्यात. दुसरा म्हणला, आणि काढणारा कुठं बसलता ते बी दिसतंय. वस्तादांनी फोटू खिडकीकडं धरला. लई येळ बघितला. मग भिंतीवरच्या सगळ्या फोटूंवरनं काठी फिरवत गेले, आमच्या आबांच्याबी, आणि म्हणले, ह्यातल्या कुणाचे दोन्ही पाय जमिनीवरनं उचललेत सांगा. जो तो माना वर करून भिंत बघाय लागला. म्हणले, खिळा मारा.

दिनकरला मीच जाऊन आणलं. उभा ऱ्हायला फोटूसमोर. मग म्हणला, यशा, बॉलबी आलाय रं ह्यात. म्हणलं, कापू का कडंनं, कळणारबी न्हाय. त्येनं काचेवर, बोट आणि बॉलच्या मधल्या जागेवर, आपलं बोट ठेवलं. म्हणला, नगं. असू दे. एवढं तर पोचलतो.

आता काय, बरं चाललंय. आपल्या गोलमागं बसायचं न्हाय, ही रीत पेठेनं अजून सोडल्याली न्हाय, आणि मीबी पाळतो, शक्यतो. पण दुसऱ्या पेठांतले गोलकीपर येत्यात दुकानात, मागल्या दारानं, आणि हळूच म्हणत्यात, यशानाना, एक मॅच आमच्या मागं बसा की. बसतो. दिनकर येतो संगट, शेजारी बसतो, आणि अडवणाऱ्याला चुका सांगतो, एवढ्या मोठ्यानं सांगतो की मला हसू येतंय आणि लेन्स हलती. म्हणलं, गप की जरा. गप बसत न्हाय. बोलू दे. त्येचा आवाज हाय, माझा हात हाय, देवानं एवढं ठेवलं तरी लई झालं. तुमचाबी हात असाच चालता ऱ्हावा, पावणं. चहा घ्या, निवला.