चुकलेली रेघ

(सोलापूर, १९७३. गिरणीचा दवाखाना. सोमवारची पहिली पाळी नुकतीच सुटली आहे. धोंडिराम श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकतो आहे; शेजारी त्याची मुलगी मुक्ता.)

डॉक्टर : अजून, अजून... बास. नळी सोडा, मामा.

धोंडिराम : बगा की बाई, अजून दम शिल्लक हाय.

डॉक्टर : शिल्लक ठेवायचा नव्हता. सगळा श्वास एका झटक्यात सोडायचा होता. कागदावर रेघ बघा, कशी सरपटत गेलीय. छाती एवढी बिघडली असेल असं वाटलं नव्हतं.

धोंडिराम : म्हंजी सनई बंद? पुढल्या म्हयन्यात हिचं लगीन हाय. मांडवात मीच वाजवणार म्हणून नातेपुत्याच्या सोयऱ्याला शब्द दिलाय.

मुक्ता : आण्णा, तुम्ही सनईत फुंकता तसं फुंकलात ना?

धोंडिराम : मग कसं फुंकू, मुक्ते? मैंदर्गीत वस्तादानं पाठीत धपाटे घालून शिकवलंय. दम पुरवून पुरवून सोडायचा.

डॉक्टर : अगं बाई. म्हणजे हे यंत्र मघापासून सनईच मोजत होतं. पुन्हा घेऊ. मामा, ओल्या लाकडाची चूल पेटवायचीय असं समजा.

धोंडिराम : चूल? ते हिच्या आईचं काम.

मुक्ता : आई माहेरी गेली की कोण पेटवतं?

धोंडिराम : ते लोकांत कशाला सांगतीस? आना ती नळी.

(तो फुंकतो. यंत्राचा पाण्यातला डबा वर उसळतो.)

डॉक्टर : ही खरी रेघ. तरी वयाच्या मानानं थोडी कमीच. सोमवारी छाती आवळते का?

धोंडिराम : सुट्टीनंतर कामावर गेलं की आवळती. मंगळवारी मोकळी.

डॉक्टर : कापसाची धूळ. आता ते कापूस पिंजायचं कार्डिंग खातं सोडायचं. दुसऱ्या खात्यासाठी मी चिठ्ठी देते.

धोंडिराम : अठ्ठेचाळीस सालापासनं तितं हाय मी. समदे दोस्त तितंच. आन सनई?

डॉक्टर : ती वाजवा की. धुळीतून आत्ताच बाहेर पडलात तर नातवाच्या बारशालाही वाजवाल.

धोंडिराम : लिवा मग चिठ्ठी. दोस्तांचं काय, लग्नाला जेवायला येतीलच.

डॉक्टर : आणि हा पहिला कागद टाकून देते.

मुक्ता : टाकू नका. मला द्या.

डॉक्टर : चुकलेली रेघ आहे गं ती.

मुक्ता : असू दे. नातेपुत्याला सासरी आण्णांची सनई कुठून ऐकू येणार?