माणिकरावाची साक्ष

नर्मदाबाई : आता नको सांगू भक्ती. धा वाजता सभा भरवनाऱ्या नागनाथची जीप यील. तुजे आबा परभनीला जातील, याकोबदादाच्या आठवनीच्या सभेत चार शब्द बोलतील, येतील. मग सांग काय सांगायचं ते.

भक्ती : बोलून आल्यावर सांगून काय उपयोग, माय? दोनशे माणसांपुढं आबा म्हणणार, हा माणूस मला देवासारखा भेटला. अन् मी सगळं माहीत असून गप बसू?

नर्मदाबाई : सोळा वर्सं झाले, दारूला हात न्हाई लावला त्यांनी. त्या दादाच्या नावावर उभे हायत. नावच काढून घेतलं आन् पुन्ना पडले तर? तू जाशील दवाखान्यात ड्युटीला. घरात मी हाय.

माणिकराव : काय नको सांगू म्हनायलीस? न्हानीत सगळं ऐकू यायलंय मला.

भक्ती : बसा आबा.

माणिकराव : हे बसलो. बोल.

भक्ती : दादा वारले त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर त्यांच्याच धर्मप्रचाराच्या संस्थेतल्या चार बायांनी तोंड उघडलं. दादा त्यांना प्रार्थनेला म्हणून एकटीला खोलीत बोलवायचे. पुढचं तुम्ही समजून घ्या. संस्थेनं वकील नेमून चौकशी केली. खरं निघालं. हे बघा, मोबाईलवर सगळा अहवाल आहे.

माणिकराव : बदनामी आसंल. मेल्या मानसाला उत्तर देता येत न्हाई.

भक्ती : त्यांच्याच माणसांनी काढलाय हा अहवाल. त्यांनाबी आधी खोटंच वाटत होतं. पण एकीनं दादाच्या हातची चिठ्ठी जपून ठेवली होती. 'तू बोललीस तर हजारो लोकांची श्रद्धा मोडंल, ते पाप तुझ्या माथी.'

माणिकराव : आसं लिवलं त्यानं?

भक्ती : आसं.

माणिकराव : मला काय म्हनला होता, ठाव हाय ना? मी ख्रिस्ती न्हाई, झालो बी न्हाई, 'ख्रिस्ती हो' असं त्यानं कवा म्हनलं बी न्हाई. तर्र होऊन त्याच्या प्रवचनाची टिंगल करायला गेलतो मी परभनीच्या मैदानात. त्यो स्टेजवरून खाली उतरला, माज्या मांडीला मांडी लावून बसला. म्हनला, 'घरी गेल्यावर तुजी लेक पळत यिती का लपती?' तू लपायचीस, भक्ती. धान्याच्या कनगीमागं. रातभर झोपलो न्हाई मी. वाईट मानसाला सुचंल व्हय असं इचारायला?

भक्ती : तीन दिवस झाले, मीबी तेच शोधायलेय. प्रश्न खरा होता, आबा. त्यानं मला बाप मिळाला. अन् माणूस तसा होता. दोन्ही एका अंगात कसं मावतं, मला खरंच कळंना.

नर्मदाबाई : प्रश्न त्यानं इचारला. दारू कुनी सोडवली? नऊ दिवस तुमी थरथर कापत होताव, भिताडावर मुंग्या दिसत होत्या तुमाला. तवा त्यो दादा मुंबईला होता. साखरपानी मी पाजलं. दाराला कडी लावून भायेर मी बसले. सोळा वर्सं तुमी दादा दादा केलं. मी काय म्हनले का?

माणिकराव : न्हाई म्हनलीस.

नर्मदाबाई : आज म्हनले.

माणिकराव : ...त्या बाया कुठल्या गं?

भक्ती : नावं दिली नाहीत. एक परभणीची आहे, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. सभेत सतरंज्या घालायची, पाणी वाटायची.

माणिकराव : कुन्या साली?

भक्ती : दोन हजार नऊला.

माणिकराव : मी गेलतो त्याच साली. एका पोरीनं पानी आनून दिलं होतं मला. दादाचं सगळं आठवतंय, सदऱ्याची तुटकी गुंडी सुद्दा. तिचं तोंड आठवंना.

नर्मदाबाई : तीच आसंल कशावरून?

माणिकराव : तीच म्हनत न्हाई मी. आठवंना, एवढंच. काय करायल्यात त्या आता?

भक्ती : एकीला गाव सोडावं लागलं. दादाच्या माणसांनी संस्थेला शेकड्यानं पत्रं धाडलीत. आमचं भलं झालं, म्हणून बाया खोट्या.

माणिकराव : भलं तर माजं बी झालं. नागनाथला फोन लाव.

(भक्ती फोन लावून त्याच्या हातात देते.)

माणिकराव : नागनाथ, पिंगळीहून माणिकराव. येतो की, का न्हाई येनार? पन त्या चार बायांचं बी बोलनार मी... व्हय, वाचलं लेकीनं... न्हाई, दादाला शिव्या न्हाई देनार. माजं झालं ते बी सांगतो, त्यांचं झालं ते बी... बरं. तुजी सभा हाय, तू ठरव. न्हाई म्हनतोस? मग जीप धाडू नको.

नर्मदाबाई : आवो, कुठं निघालाव? आवो!

माणिकराव : चष्मा आनायलो, बये. भिऊ नको. भक्ती, संस्थेचा पत्ता हाय का त्यात?

भक्ती : आहे.

माणिकराव : मग वही घे, लिही. मी दारू पीत होतो. याकोबदादाच्या एका बोलन्यानं सोडायचं ठरवलं, बायकोच्या हातानं सुटली. माजं भलं झालं हे खरं. आन् बाया सांगत्यात ते बी खरं, असं मी मानतो. लिवलं?

भक्ती : लिहिलं.

माणिकराव : आता त्या परभनीच्या पोरीला म्हनावं... काय म्हनावं गं तिला?

नर्मदाबाई : काय बी म्हनू नका. नाव पुरं घाला, गाव घाला. कुनीतरी खरं मानलं, एवढं कळू द्या तिला.

भक्ती : घातलं. वाचून दाखवू, आबा?

माणिकराव : नको. दे इकडं, सही करतो.