चार मजल्यांची तयारी

हॉस्पिटलच्या बाकावर आजोबांच्या औषधांसाठी नंबर धरून बसलेल्या कॉलेजच्या पोरीला मस्त डुलकी लागत होती, तेवढ्यात शेजारी एक मास्तर पाठीवरच्या भल्यामोठ्या सॅकसकट टेकले, त्यांचा मेहुणा सुरू झाला, आणि मग कसली झोप!

"दाजी, उतरवा की ती सॅक. लोक बघतायत."

"बघू देत. घरचा जिना दोनदा चढून मग इकडे चालत आलोय."

"थंडीच्या सुट्टीत बाकीचे मास्तर लोळतात, तुम्ही सॅकभर वाळू वाहताय!"

"चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तुझी ताई म्हणते, स्ट्रेचर नको, मला तूच पाठीवर ने."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आज घरी न्या म्हणाले. आता इथं करण्यासारखं काही नाही."

"झेपेल तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी पहिल्याच मजल्यावर मटकन बसलो होतो. आता चौथ्यापर्यंत थांबत नाही."

"अरे वा! तब्येत कमावलीत की!"

"कसली तब्येत रे. दर सोमवारी नर्स तिचं वजन सांगते, मी सॅकमध्ये तेवढीच वाळू ठेवतो. सुरुवातीला बेचाळीस किलो होती."

"आणि आज?"

"एकतीस."

"एकतीसच?"

"सकाळीच वाळूची एक पिशवी काढून ठेवली."

"ताईला सांगितलंत?"

"न थांबता चढतो, एवढंच सांगितलं. केवढी खूश झाली! म्हणाली, बघ, सुट्टीत किती ताकद आली तुला."

"मग तुम्ही?"

"हो म्हणालो. दुसरं काय म्हणू?"