डप्पू ठाण्यात, हाळी गावात

कोटकुर्ती पोलीस ठाणे. शनिवार, दुपार.

मी बोल्लेपोगु मोगुलम्मा, नवऱ्याचं नाव कुर्मय्या, वय अंदाजे पासष्ट (आधार कार्डावर एकाहत्तर आहे, ते खोटं आहे), धंदा शेतमजुरी, शिक्षण दुसरी, जात मादिगा, राहणार मादिगवाडा, मौजे गुंडलपेंटा, मंडल कोटकुर्ती, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी नवऱ्यासह राहते. दोन्ही मुलगे हैदराबादला इमारतींच्या कामावर आहेत. थोरल्याची मुलगी स्रवंती माझ्याकडेच वाढली. ती नर्सचं शिकली, आता आरोग्य उपकेंद्रात सुया देते. गुरुवारी तिचं लग्न झालं. जावई वायरमन आहे, दारू पीत नाही, कान थोडे मोठे आहेत. हवालदार यादगिरी म्हणतात, अव्वा, कानांचं लिहायची गरज नाही. मी म्हणते, लिहा. माझ्या घरचं कार्य झालंय, ठाण्यात बसवलं म्हणून माझा आनंद काही कमी होत नाही.

मला विचारण्यात आलं की, गुरुवारी तुम्ही गावच्या लग्नाच्या हॉलचं कुलूप तोडून बेकायदा आत घुसलात काय. तर उत्तराआधी हॉल कुणाचा ते सांगते. त्याशिवाय आम्ही घुसलो की गेलो, हे तुम्हाला कसं कळणार?

तीन उन्हाळ्यांपूर्वी एक तरुण सरकारी साहेब आमच्या मादिगवाड्यात आले होते. चिंचेखाली सतरंजी टाकून बसले, हे विशेष. आमच्याकडचा चहाही प्याले. म्हणाले, सरकार तुमच्या जातीच्या नावानं वेगळा निधी राखून ठेवतं. पिढ्यानपिढ्या तुमच्यावर जो अन्याय झाला तो भरून काढायचा आहे. तेव्हा तुमचा विकास कसा करायचा ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, साहेब, पिढ्यांचं राहू द्या, गटाराचं बघा. सगळे हसले. साहेबही हसले. मग कुणी म्हशी मागितल्या, कुणी शिलाई मशीन. मी लग्नासाठी पक्की जागा मागितली. कारण माझ्या लेकीचं लग्न वाड्याच्या गल्लीत झालं तेव्हा पंगत चालू असताना गटार फुटलं. वऱ्हाडानं पत्रावळी हातात धरून उभ्यानं भात खाल्ला. व्याही म्हणाला, "मुलगी दिली ते दिली, वर ओढाही दिला काय?" लेक त्या घरात नऊ वर्षं नांदली. ओढ्याचं बोलणं तिनं नऊ वर्षं ऐकलं. ती आता नाही.

म्हशी आल्या नाहीत. मशीन आलं नाही. हॉल मात्र आला. पण तो वाड्यात आला नाही, वरच्या गावात आंजनेयाच्या देवळाशेजारी आला. साहेबांनी सांगितलं, वाड्यात सरकारी जागा नाही, आणि वाड्यातून हॉलपर्यंत हाक मारली तर ऐकू येते. बांधकामाला आमचीच माणसं होती. माझ्या सुनेनं घमेली वाहिली. फरशी घासणारा आमचाच होता. तेव्हा देवळाला काही झालं नाही. देव तेव्हा गावाला गेला असेल.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावचे पटेल सत्तिरेड्डी यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून दवंडी द्यायला सांगितलं. तो गावचा डप्पू वाजवणारा आहे, त्याचा बापही तोच होता. (जप्तीच्या कागदावर तुम्ही "चामड्याचं गोल वाद्य, एक" असं लिहिलंय. डप्पू लिहा. तुमच्या घरचं कुणी मेलं तर तुम्ही "माणूस, एक" लिहिता का?) त्यानं गावभर वाजवून सांगितलं: हॉल सगळ्या गावाचा आहे, सगळ्यांनी जेवायला यावं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माईकवर सांगितलं की हा हॉल मादिगवाड्याच्या विकासाच्या निधीतून उभा राहिला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. आम्ही चपला काढतात तिथे बसलो होतो. आमची पंगत शेवटची होती, बाहेर.

असाच आमच्या नावाचा रस्ताही झालाय, तो पटेलांच्या आंब्याच्या बागेत जाऊन थांबतो. आमच्या नावाचे दिवे झाले, ते वरच्या गावात लागतात. आमच्या नावाचा पाण्याचा टँकर आला, तो पटेलांच्या अंगणात उभा असतो. एवढा विकास झालाय आमचा की तो बघायला आम्हाला वर जावं लागतं. यादगिरी म्हणतात, हॉलवर या. आलेच आहे मी हॉलवर.

पुढे सांगते की, स्रवंतीचं लग्न ठरल्यावर मी पटेलांच्या ओसरीखाली जाऊन उभी राहिले आणि हॉल मागितला. त्यांचं-माझं बोलणं असं झालं:

"मोगुलम्मा, हॉल तुमचाच गं. मी कुठे नाही म्हणतो? पण देवळाला लागून आहे. लोकांचं मन असतं."

"आणि आमचं काय असतं, पटेल?"

"तुझं तोंड असतं. लहानपणापासून बघतोय. हे बघ, मी वाड्यात मांडव घालून देतो, माझ्या खर्चानं. खुर्च्याही देतो."

"गटार तुमच्या खर्चानं झाकणार काय?"

"भात पिवळा करायचा की पांढरा, तेवढं तू बघ. बाकीचं आम्हाला बघू दे."

मी म्हटलं, पण डप्पूवर गेलंय की हॉल सगळ्या गावाचा.

आमच्या गावची रीत अशी आहे की, डप्पूवर गेलेली हाळी तोंडानं मोडता येत नाही. मोडायची तर त्याच डप्पूवर पुन्हा गावभर फिरून मोडायची. एकदा तळ्यातल्या मासळीच्या लिलावाचा वार चुकून भलताच सांगितला गेला, तर सगळं गाव त्याच भलत्या वारी टोपल्या घेऊन हजर. पटेलांच्या वडिलांना त्याच दिवशी लिलाव करावा लागला. म्हणून माझं ऐकून पटेल म्हणाले, "मग डप्पूवरच दुरुस्ती करू." कुर्मय्याला बोलावलं. म्हणाले, "सकाळी फिरून सांग, हॉलमध्ये वाड्याची कार्यं होणार नाहीत. दमशील, ताडी पाठवतो."

म्हणजे आम्हाला हॉलमध्ये घ्यायचं नाही, हे गावाला सांगायचं कुणी, तर माझ्या नवऱ्यानं. दुसऱ्या कुणाला डप्पू येतच नाही.

कुर्मय्या घरी आला आणि जेवला नाही. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काही नाही, दात दुखतोय." त्याला दातच चार आहेत.

सकाळी त्यानं गवत पेटवून डप्पू शेकायला घेतला. शेकल्याशिवाय कातडं बोलत नाही. शेकता शेकता म्हणाला, "मोगुला, माझ्याच तोंडानं?" मी म्हटलं, "तुझं तोंड राहू दे. तू नुसता वाजव. तोंड मी आणते." तसाही दम्यामुळे त्याचा आवाज आता दोन घरांपलीकडे जात नाही. बाईनं हाळी द्यायची रीत आमच्याकडे नाही. नव्हती, असं लिहा.

हाळी कोणी दिली, हा प्रश्न काल इथे ठाण्यात एस.आय. साहेबांनी माझ्या नवऱ्याला अनेकदा विचारला. त्यानं "मी दिली" असं सांगितलं असेल. ते खोटं आहे. हाळी मी दिली. पहिली गावच्या मधल्या दगडापाशी, बोड्राईजवळ दिली. शब्द असे होते:

"ऐका हो ऐका! गुरुवारी मोगुलम्माच्या नातीचं लग्न आहे, नव्या हॉलमध्ये! हॉल मादिगवाड्याच्या पैशाचा आहे, जेवण सगळ्या गावाला आहे! लहानथोरांनी यावं! आमच्या पंगतीत पहिलं आणि शेवटचं नाही!"

पटेल ओसरीवर चहा पीत होते. ते बशी हातात घेऊनच उठले. "कुर्मय्या! अरे कुर्मय्या!" असं ओरडले. माझा नवरा आयुष्यभर त्या ओसरीवरच्या पहिल्या हाकेला धावत गेलेला माणूस आहे. त्या दिवशी त्याला ऐकू आलं नाही. तो आणखी जोरात वाजवायला लागला. न्हाव्याची बायको दारात येऊन म्हणाली, "काय गं मोगुलम्मा, नवऱ्याची नोकरी तू घेतलीस?" मी म्हटलं, "घेतली, पण पगार त्यालाही नव्हता, मलाही नाही." ती हसून हसून खाली बसली. गल्लोगल्ली फिरलो. तीन ठिकाणी डप्पू पुन्हा शेकावा लागला. गवत मी पदरात नेलं होतं.

गुरुवारबद्दल विचारल्यावरून सांगते की, सकाळी वऱ्हाड हॉलपाशी पोचलं तेव्हा दाराला कुलूप होतं. नंतर नव्हतं. ते कुणी काढलं हे मी पाहिलं नाही, माझं लक्ष नातीच्या बाशिंगाकडे होतं. पटेल तक्रारीत म्हणतात की कुलूप नवं होतं. असेलही. तेही आमच्याच निधीतलं असणार, तेव्हा त्याची भरपाई आमची आम्हाला द्यायची असेल तर आमची हरकत नाही.

लग्न व्यवस्थित झालं. मसाल्याचा बगारा भात होता, मटण होतं, जावयाच्या मित्रांना संपेना इतकं लोणचं होतं. धनगर आले, ताडीवाले आले, न्हाव्याची बायको नवऱ्याला घेऊन आली, शाळेचे मास्तर आले. पटेलांचा ट्रॅक्टर चालवणारा दोनदा जेवला, एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा पटेलांच्या नावानं, असं तोच म्हणाला. फरशी कोरडी होती. माझ्या सुनेनं ती हातानं चाचपून पाहिली. जावयाचे वडील सारखे वर पंखे बघत होते. परत जाताना म्हणाले, "आई, कार्य चांगलं केलंत." मला आई म्हणाले. हे यादगिरींनी लिहिलेलं नाही असं मला दिसतंय, ते लिहावं.

शुक्रवारी सकाळी पटेलांच्या माणसांनी हॉल धुतला. हळदीचं पाणी करून तीन वेळा धुतला. पाणी टँकरचं होतं, म्हणजे आमच्या नावाच्या टँकरचं. त्या दिवशी वाड्यातला नळ आला नव्हता. आम्ही बायका घागरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि ते हॉलच्या पायरीवरून वाहत खाली येणारं पाणी बघत होतो. पिवळं होतं. खाली वाड्याकडेच आलं.

त्यानंतर पोलीस आले. माझा नवरा जेवत होता. ताट तसंच राहिलं. सदरा घालू दिला नाही. डप्पू खुंटीला होता तो काढून नेला. हॉल धुतला त्याबद्दल कुणाला आणल्याचं मला इथे दिसत नाही.

आज सकाळी मी इथे बाकावर बसलेली असताना पटेल आले. मला वाटलं, तक्रार आणखी वाढवायला आले. तर ते एस.आय. साहेबांना म्हणाले, "साहेब, म्हाताऱ्याला ठेवा, पण तेवढा डप्पू सोडा. दुरुस्तीची हाळी द्यायची राहिलीय. न्हावी म्हणतो, पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न हॉलमध्येच करणार आणि वाड्यालाही बोलावणार. डप्पूवर गेलंय म्हणतो." साहेब म्हणाले, "मुद्देमाल आहे, आता कोर्टातून सुटेल." पटेल म्हणाले, "कधी?" साहेब म्हणाले, "कोर्ट आहे, पटेल." मग पटेलांनी सांगितलं की शेजारच्या दोन गावांतल्या वाजवणाऱ्यांना विचारून झालं. दोघेही म्हणाले, तुमच्या गावची हाळी, तुमच्याच डप्पूनं मोडावी.

पटेल जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "मोगुलम्मा, खूश झालीस?" मी म्हटलं, "नातीचं लग्न झालंय पटेल, खूश होणारच. तुम्ही आला नाहीत. तुमच्या वाटचं तुमचा ड्रायव्हर जेवला."

मी असंही सांगते की, मला इथे आरोपी म्हणून बोलावलं ते चुकलं. आमच्या नावानं आलेला हॉल, रस्ता, दिवे आणि टँकर आमच्यापर्यंत आलेले नाहीत. ते कुठे आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझी ही फिर्याद घ्यावी. साहेब म्हणतात, ती या जबाबात बसत नाही, वेगळी द्यावी लागेल. तर मी सोमवारी येते, वाड्यातल्या बायकांना घेऊन येते. बाक एकच आहे, आम्ही खाली बसू. पण आत बसू.

साहेबांनी आत्ता सांगितलं की माझ्या नवऱ्याला आज घरी नेता येईल, डप्पू मात्र ठाण्यातच राहील. नवऱ्यानं हात जोडून डप्पू मागितला. मी त्याला गप्प केलं. राहू द्या म्हटलं. जोवर तो इथे आहे तोवर गावात दुसरी हाळी होत नाही, आणि शेवटची हाळी आमची आहे. फक्त त्याला ओल आलेल्या खोलीत ठेवू नका, उंदीर लागू देऊ नका, आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. सुटून आला की त्याच्यावर पहिली हाळी टँकरची जाणार आहे. शब्द ठरलेत, पण ते आत्ता लिहून देणार नाही.

माझा हा जबाब हवालदार यादगिरी यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मला आवडला म्हणून दुसऱ्यांदा वाचायला लावला. मी सांगितलं तसाच आहे. मधे मधे मी हसले ते यात आलेलं नाही, बाकी सगळं खरं आणि बरोबर आहे. अंगठा नको, सही करते.

बो. मोगुलम्मा